सामू वेगळा, पण सोडा तेवढाच: तीव्र आणि सौम्य आम्लांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. ०.१ मोलर (एका लिटरला ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण १ येतो. ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाचा २.९ येतो. म्हणजे पहिल्यात हायड्रोजन आयन जवळपास पंचाहत्तर पट जास्त आहेत. तरीही दोन्हींचे २५-२५ मिलिलिटर घेऊन ०.१ मोलर कॉस्टिक सोड्याने (सोडिअम हायड्रॉक्साइडने) टायट्रेशन केलं, म्हणजे आम्ल पुरतं उदासीन होईपर्यंत सोडा मोजून टाकत गेलं, तर सोडा दोन्हीकडे २५ मिलिलिटरच लागतो. मग 'तीव्र' आम्ल तीव्र कशात? आणि व्हिनेगरमधलं आम्ल मोजायचं तर दर्शक म्हणून, म्हणजे शेवट रंगाने दाखवायला, फिनॉल्फ्थॅलिनच का वापरायचं, मिथिल ऑरेंज का चालत नाही?

सामू आणि आम्लाचं एकूण प्रमाण या दोन वेगळ्या राशी आहेत. सामू म्हणजे खिशातली रोकड, आणि टायट्रेशनमध्ये मोजली जाते ती रोकड आणि खात्यातली शिल्लक मिळून होणारी सगळी रक्कम. हायड्रोक्लोरिक आम्ल सगळं खिशात घेऊन फिरतं. ॲसिटिक आम्ल बहुतेक खात्यात ठेवतं आणि खिसा रिकामा होईल तसं काढून देतं.

आता आकडे बघू. २५ मिलिलिटर ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात एकूण आम्ल २.५ मिलिमोल. त्याचा विचरण स्थिरांक, म्हणजे रेणू तुटून आयन होण्याचा कल सांगणारा आकडा, २५ अंश सेल्सिअसला १.७५ गुणिले १० चा उणे ५ वा घात इतका लहान आहे. त्यामुळे सुरुवातीला १०० पैकी जेमतेम १.३ रेणूच तुटलेले असतात, आणि पात्रात मोकळे हायड्रोजन आयन फक्त ०.०३३ मिलिमोल असतात. उदासिनीकरण एवढ्यावरच थांबलं असतं, तर सोडा ०.३३ मिलिलिटर, म्हणजे सहा-सात थेंब लागला असता. पण सोड्यातल्या हायड्रॉक्साइडने मोकळे आयन पाण्यात बदलले, की समतोल बिघडतो आणि न तुटलेले रेणू तुटून ती जागा भरतात. ही भरपाई इतकी झटपट होते की ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या मापी नळीतून) थेंब टाकणाऱ्याला ती जाणवतही नाही. शेवटचा रेणू संपेपर्यंत ती चालू राहते, म्हणून २.५ मिलिमोल आम्लाला २.५ मिलिमोल सोडा लागतोच. प्रत्येक रेणू एकच हायड्रोजन देणार आहे. तो आधीच दिलेला आहे की मागितल्यावर देणार आहे, याने एकूण बेरीज बदलत नाही.

हेच मॅग्नेशिअमने डोळ्यांनी दिसतं. दोन सारख्या बाटल्यांत १ मोलर हायड्रोक्लोरिक आणि १ मोलर ॲसिटिक आम्ल प्रत्येकी ५० मिलिलिटर घ्या आणि दोन्हींत सारखीच १ ग्रॅम मॅग्नेशिअमची फीत टाकून तोंडाला फुगा लावा. पूर्ण अभिक्रियेला ०.६१ ग्रॅम मॅग्नेशिअम पुरतं, म्हणजे दोन्हीकडे धातू शिल्लक राहील. हायड्रोक्लोरिकचा फुगा बघता बघता फुगतो, दुसरा रेंगाळत फुगतो. पण शेवटी दोन्हींत वायू सारखाच, साधारण ०.६ लिटर. तीव्रतेचा फरक वेगात दिसला, एकूण वायूत दिसला नाही. हा वायू हायड्रोजन आहे, तेव्हा आसपास ज्योत नको. शिवाय हायड्रोक्लोरिकची बाटली चांगलीच तापते, ती हातात धरून उभं राहू नये.

परीक्षेत आणि बोलण्यातही सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन जोड्यांचा. तीव्र आणि सौम्य हे आम्लाच्या स्वभावाचं वर्णन आहे: पाण्यात गेल्यावर किती टक्के रेणू तुटतात. संहत आणि विरल हे बाटलीतल्या द्रावणाचं वर्णन आहे: एका लिटरमध्ये आम्ल किती आहे. पाणी घालून आम्ल विरल करता येतं, सौम्य करता येत नाही. उलट ॲसिटिक आम्लात पाणी घातलं की विचरणाची टक्केवारी वाढते: ०.१ मोलरला १.३ टक्के, ०.०१ मोलरला सुमारे ४ टक्के, ०.००१ मोलरला १२ टक्क्यांच्या वर. टक्केवारी वाढली तरी एकूण आम्ल दहापट कमी होत गेल्यामुळे सामू वर सरकतच राहतो: २.९, ३.४, ३.९. हायड्रोक्लोरिकचा सामू मात्र प्रत्येक दहापट विरलनाला पूर्ण एक अंकाने सरकतो. सौम्य आम्लात ही सरक अर्ध्या अंकाच्या आसपास राहते. अनोळखी आम्ल तीव्र आहे की सौम्य, हे दहापट पाणी घालून सामू परत मोजल्यावर बऱ्यापैकी कळतं ते यामुळेच.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर धोकादायक आहे. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल सौम्य असूनही सुमारे १७.४ मोलर असतं आणि कातडी भाजून काढतं. हायड्रोफ्लोरिक आम्लही व्याख्येनुसार सौम्यच, कारण त्याचा पीके-ए (विचरण स्थिरांकाच्या लॉगची उणे किंमत; तो जितका मोठा, तितकं आम्ल सौम्य) ३.२ च्या आसपास आहे. पण ते त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शिअम बांधतं आणि जिवावर बेतू शकतं. धोका ठरतो तो संहतीवर आणि त्या पदार्थाच्या रासायनिक गुणांवर.

आता व्हिनेगरचं टायट्रेशन नीट, टप्प्याटप्प्याने. यात चूक बहुधा गणितात होत नाही, भांडी धुण्यात होते.

सोड्यापासून सुरुवात करू. ०.१ मोलरसाठी एका लिटरला ४ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड लागतं, पण ४.००० ग्रॅम तोलून 'अचूक ०.१ मोलर' असं लेबल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या गोळ्या तोलता तोलताच हवेतलं पाणी ओढून ओल्या होतात, आणि कार्बन डायऑक्साइड शोषून वरचा थर सोडिअम कार्बोनेटचा होतो. म्हणून साधारण ४.२ ग्रॅम घ्या, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवा आणि खरी मोलॅरिटी ऑक्झॅलिक आम्लावरून काढा. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक दोन रेणू पाण्यासह येतात. त्यांचा मोलर भार १२६.०७ आहे आणि ते तोलताना बदलत नाहीत. १.५७६ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटरच्या मापी फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं, की ०.०५ मोलर प्रमाण द्रावण तयार. ऑक्झॅलिकचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, त्यामुळे याच्या २५ मिलिलिटरला अचूक ०.१ मोलर सोडा बरोबर २५ मिलिलिटर लागेल. २४.२ लागला, तर तुमचा सोडा ०.१०३३ मोलर आहे. पुढच्या गणितात हाच आकडा धरायचा.

भांडी धुताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. ज्या भांड्यातून द्रावण मोजून बाहेर सोडायचं, ते त्याच द्रावणाने विसळायचं. ब्युरेट आधी पाण्याने, मग ५-५ मिलिलिटर सोड्याने दोनदा. पिपेट, म्हणजे ठरावीक माप उचलायची नळी, तसाच, त्यात जाणाऱ्या आम्लाने. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण नकळत पातळ होतं. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानेच धुवायचा, आणि तो ओला राहिला तरी बिघडत नाही, कारण त्यात किती मिलिमोल आम्ल गेलं हे पिपेटने आधीच ठरलं आहे. फ्लास्क आम्लाने विसळला, तर भिंतींवर राहिलेलं जास्तीचं आम्ल मोजणीत येतं आणि आकडा दरवेळी थोडा वर जातो. वाचनं एकमेकांशी जुळतात पण उत्तर चुकीचं येतं, तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढल्याशिवाय सुरू करू नका. मध्येच तो निसटला तर अर्धा मिलिलिटर सहज फुकट मोजला जातो. वरचं नरसाळं काढून ठेवा, त्यातून थेंब गळत राहतात. काचेची तोटी असलेल्या ब्युरेटमध्ये सोडा रात्रभर ठेवलात तर तोटी चिकटून बसेल. टेफ्लॉनची तोटी किंवा रबरी नळी आणि चिमटा बरा. पिपेटच्या टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकून पाडायचा नाही, तो वगळूनच पिपेटवरचं माप ठरवलेलं असतं.

व्हिनेगर तसंच घेतलं तर फार संहत पडतं. ५ टक्क्यांचं व्हिनेगर म्हणजे ०.८३ मोलर. म्हणून १० मिलिलिटर व्हिनेगर १०० मिलिलिटरच्या मापी फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पातळ करा, त्यातले २५ मिलिलिटर कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. दोनच, कारण दर्शक स्वतःही एक सौम्य आम्ल आहे आणि ओंजळभर टाकला तर तोही सोडा खातो. खाली पांढरा कागद ठेवा. सोडा पडेल तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवताच विरतो. तो विरायला वेळ लागू लागला की थेंब-थेंब टाका. शेवटी सगळं द्रावण फिकट गुलाबी होऊन अर्धा मिनिट टिकलं, की थांबा. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे गेलात. फिकट गुलाबी दोन-तीन मिनिटांनी परत उडाली तर घाबरून आणखी सोडा टाकू नका. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे.

गणित: फ्लास्कमधल्या २५ मिलिलिटरमध्ये मूळ व्हिनेगर २.५ मिलिलिटर होतं. ॲसिटिक आम्लाचा मोलर भार ६०.०५. म्हणून १०० मिलिलिटरमधले ग्रॅम काढायला सोड्याचे मिलिलिटर गुणिले त्याची मोलॅरिटी गुणिले २.४०२. सोडा अचूक ०.१ मोलर असेल आणि २०.८ मिलिलिटर लागला असेल, तर ५.० टक्के. १६.७ लागला तर ४.० टक्के. वाचनात ०.१ मिलिलिटरची चूक झाली तर उत्तर ०.०२४ टक्क्याने हलतं. तीन वाचनं ०.१ च्या आत जुळली की सरासरी घ्या. पहिलं अंदाजाचं वाचन सरासरीत धरू नका.

लिंबाचा रस किंवा चिंचेचं पाणी मोजायचं असेल तर पद्धत हीच, फक्त भार बदलतो. सायट्रिक आम्ल तीन हायड्रोजन देतं, म्हणून १९२.१२ भागिले ३, म्हणजे ६४.०४ धरायचे. टार्टारिक दोन देतं, तिथे ७५.०४. या रसांत इतर आम्लंही थोडी असतातच, त्यामुळे उत्तर 'सायट्रिक आम्ल मानून' किंवा 'टार्टारिक आम्ल मानून' असं लिहावं. रस गडद असेल तर रंगाचा बदल दिसत नाही. आणखी पातळ करा किंवा सामूमापक वापरा.

आता दर्शकाचा प्रश्न, आणि मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. दर्शकाला आम्ल संपल्याचं कळत नाही. त्याला फक्त सामू कळतो, तोही एका अरुंद पट्ट्यात: मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४, फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ते १०. त्यामुळे विचारायचं ते असं, की आम्ल संपतानाच्या एक-दोन थेंबांत सामू कुठून कुठे उडी मारतो?

हायड्रोक्लोरिकमध्ये २४.९५ मिलिलिटरला, म्हणजे एक थेंब बाकी असताना, सामू ४ असतो. २५.०५ ला, एक थेंब जास्त झाल्यावर, तो १० होतो. दोन थेंबांत सहा अंक! या उडीत फिनॉल्फ्थॅलिन अख्खा बसतो आणि मिथिल ऑरेंजही निभावून नेतो, म्हणून तिथे कोणताही घेतला तरी उत्तर तेच येतं. ॲसिटिक आम्लात एक थेंब बाकी असतानाच सामू ७.५ वर पोचलेला असतो, कारण तोवर पात्रात सोडिअम ॲसिटेट, म्हणजे या उदासिनीकरणातून बनणारा क्षार, भरपूर झालेलं असतं. आम्ल संपण्याच्या नेमक्या बिंदूवर तो सुमारे ८.७ आणि एक थेंब पुढे १०. ही छोटी उडी बरोबर फिनॉल्फ्थॅलिनच्या पट्ट्यात पडते. मिथिल ऑरेंज टाकलात तर पहिल्या अर्ध्या-एक मिलिलिटरमध्येच लाल रंग बदलू लागतो, नारिंगी होत होत रेंगाळतो आणि सामू ४.४ ला, म्हणजे २५ पैकी साधारण साडेसात मिलिलिटर सोडा पडल्यावर, पूर्ण पिवळा होतो. तिथे थांबलात तर व्हिनेगर ५ ऐवजी दीड टक्क्याचं निघेल. दर्शकाने त्याचं काम चोख केलं, पण त्याला प्रश्नच दुसरा विचारला गेला होता.

अमोनियाचं हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करताना हे सगळं उलटं होतं. नेमका बिंदू ५.३ च्या आसपास येतो. तिथे मिथिल रेड, ज्याचा पट्टा ४.४ ते ६.२, सर्वात चांगला. फिनॉल्फ्थॅलिन तिथे फसवतो. अमोनिया आणि ॲसिटिक आम्ल, दोन्ही सौम्य, समोरासमोर असतील तर उडीच उरत नाही आणि कोणताही दर्शक कामाचा नाही.

घरात दर्शक नसेल तर हळदीचा अर्क चालतो का? हळदीतलं कर्क्युमिन साधारण ७.४ ते ८.६ मध्ये पिवळ्याचं तांबडं होतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच बदलाने. पट्टा आम्लारीच्या बाजूला असल्यामुळे व्हिनेगरसाठी तो तत्त्वतः योग्यच आहे. फक्त पिवळ्यावरून तांबडं हे संक्रमण डोळ्याला रंगहीनावरून गुलाबीइतकं स्वच्छ दिसत नाही. आणि आम्ल व साधं पाणी यांतला फरक हळद दाखवूच शकत नाही, दोन्हींत ती पिवळीच.

सोड्याचं प्रमाणीकरण ज्या दर्शकाने केलं, त्यानेच पुढचं टायट्रेशन करा. सोड्यात कार्बोनेट झालेलं असेल, तर फिनॉल्फ्थॅलिन त्याचा अर्धाच हिस्सा, म्हणजे बायकार्बोनेटपर्यंतचा, मोजतो आणि मिथिल ऑरेंज पूर्ण मोजतो. एकाने प्रमाणित करून दुसऱ्याने वापरला, की ही तफावत थेट उत्तरात उतरते. एकच ठेवला तर दोन्हीकडे सारखीच राहून कटते.

सामूमापक हाताशी असेल तर एक प्रयोग जरूर करा. पातळ केलेल्या व्हिनेगरचे २५ मिलिलिटरचे दोन भाग घ्या. एकाला सोड्याने नेमक्या फिकट गुलाबीपर्यंत आणा, मग त्यात दुसरा भाग ओता. आता निम्मं आम्ल आणि निम्मं ॲसिटेट आहे. सामू ४.७ च्या आसपास येईल, आणि तोच ॲसिटिक आम्लाचा पीके-ए. म्हणजे टायट्रेशनचा शेवट आम्ल किती आहे ते सांगतो आणि मध्य ते किती तीव्र आहे ते सांगतो. हे मिश्रण बफरही आहे, म्हणजे थोडं आम्ल किंवा आम्लारी टाकलं तरी त्याचा सामू फारसा हलत नाही. ०.१ मोलर व्हिनेगरपासून बनवलेल्या अशा ७५ मिलिलिटर मिश्रणात १ मिलिलिटर ०.१ मोलर सोडा टाकला तर सामू ०.०३ ने हलतो. तेवढ्याच साध्या पाण्यात टाकला तर तो ११ वर जातो. मापक आधी ७ आणि ४ च्या बफर द्रावणांनी जुळवून घ्या, आणि काम झाल्यावर त्याचा काचेचा गोळा ३ मोलर पोटॅशिअम क्लोराइडमध्ये ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर तो खराब होतो.

ही आम्लं मुळात तयार करताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. सल्फ्यूरिकमध्ये तर पाणी ओतलं की ते जागच्या जागी उकळून उडतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकसाठी १२ मोलरच्या बाटलीतले ८.३ मिलिलिटर एका लिटरला पुरतात, ॲसिटिकसाठी ग्लेशियलचे ५.७५. चष्मा लावा. आणि उरलेलं आम्ल मोरीत ओतून वर ब्लीच टाकू नका. बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिकच असतं आणि ब्लीचशी ते क्लोरीन वायू सोडतं. घरात हे मिश्रण खरोखर होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

सोबत येणारे दोन प्रश्नही इथेच निकालात काढू. १० चा उणे ८ वा घात इतक्या मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ येत नाही. आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी होऊ शकत नाही. इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे आयन जास्त असतात, ते धरले की उत्तर ६.९८ येतं. आणि 'उदासीन म्हणजे ७' हे फक्त २५ अंशाला खरं. ६० अंशाला शुद्ध पाण्याचा सामू ६.५ असतो आणि तरीही ते उदासीनच, कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन तेव्हाही समसमान असतात.

सामू आणि साठा यांतला फरक प्रयोगशाळेबाहेर सगळ्यात महागात पडतो तो शेतात. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू आम्लाकडे झुकलेला असतो आणि तो वर आणायला चुना टाकतात. माती परीक्षणात सामू मोजला जातो तो १० ग्रॅम माती २५ मिलिलिटर पाण्यात ढवळून, म्हणजे पाण्यात मोकळे आलेले हायड्रोजन आयन तेवढे कळतात. चिकणमातीच्या कणांवर आणि सेंद्रिय पदार्थावर धरून ठेवलेली आम्लता त्यात दिसत नाही. रेताड आणि चिकण अशा दोन शेतांचा सामू सारखाच ५.२ असला, तरी चिकण मातीला चुना कितीतरी जास्त लागतो. म्हणून चुन्याची मात्रा ठरवताना सामूवर थांबू नये. प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज वेगळी काढून मागावी. त्यासाठी ते माती ठरावीक सामूच्या बफर द्रावणात हलवतात आणि त्या बफरचा सामू किती खाली आला ते बघतात. जेवढा जास्त खाली, तेवढा धरून ठेवलेला साठा मोठा.